नाथांच्या पालखीबरोबर बालाघाट चढताना

बीड जिल्ह्यातलं रायमोह सोडलं तेव्हा उजव्या टाचेचा फोड फुटलेला होता आणि डाव्या अंगठ्याखालचा पाण्यानं भरत आला होता. पैठण, हादगाव, लाडजळगाव, कुंडल पारगाव हे सगळे मुक्काम आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या गावात पिठलं होतं आणि कुठल्या गावात तंबूत पाणी शिरलं, विचाराल तर सांगता यायचं नाही. त्या दिवशीची दुपार मात्र तासातासानं आठवते.

आळंदी-देहूच्या वाटेवर चालून आलेल्या बायका आमच्या दिंडीत होत्या. त्यांना सारखी तुलना करायची सवय. तिकडं दर वळणावर चहा, केळी, पाय चेपायला पोरं. इथं डोंगर, खुरटी बाभळ, सीताफळीची झुडपं आणि मोबाइलला रेंज नाही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आषाढात झाडावर खायला काय असणार! मला या वाटेचा विरळपणाच आवडतो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

दिंडीतल्या एका काकांनी सकाळपासून वैताग आणला होता. पुण्याहून आलेले, निवृत्त. पाण्याच्या टँकरपाशी रांग कोणी मोडली याचा हिशेब तेच ठेवणार, टाळ वाजवणार तो ठेका सोडून, आणि दर वस्ती दिसली की म्हणणार, "एवढी जमीन पडून आहे, हे लोक काही करत का नाहीत?" विणेकरी बुवा नुसते हसायचे. मला हसू येत नव्हतं.

गारमाथ्याचा चढ अजून पुढं होता. चढाला रथ लागला की मागून हात लावायला सगळे धावतात, "भानुदास एकनाथ"चा गजर चढतो, तिथं आपण असावं म्हणून मी पाय ओढत होते. हटकरवाडीच्या अलीकडं एका वस्तीपाशी टाच टेकेना. बाजूच्या ओट्यावर बसले. दिंडी पुढं गेली.

आतून एक म्हातारी आली. काही न विचारता माझा पाय तिनं मांडीवर घेतला. मी संकोचून मागं ओढला तर म्हणाली, "गप बस लेकी. वारकऱ्याचा पाय हाय, तुझा एकटीचा नाही." मग सुई आणली, दिव्यावर धरली, काळा दोरा ओवला, खोबरेल लावलं आणि भरलेल्या फोडातून दोरा आरपार नेऊन तसाच ठेवला. "काढू नको. पाणी झिरपून जातं." फुटलेल्या टाचेला हळद. ती हे किती सफाईनं करत होती ते बघून विचारलं, तर म्हणाली, उसाच्या फडात रोजचंच.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्याची, गाडी यायची आणि वस्तीच्या वस्ती उठून जायची. रात्री तीनला फडात, तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरायच्या. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं. आता तिचे गुडघे गेले, मुलगा-सून जातात, ती नातवंडं सांभाळते. "आत्ता पावसाळा हाय म्हणून माणसं दिसतेत. दिवाळीनंतर ये, नुसती कुलपं." 2019च्या दुष्काळात हटकरवाडीतली बहुतेक घरं अशीच बंद झाली होती, उन्हाळ्यातसुद्धा.

पंढरपूर पाहिलंय का, मी विचारलं.

"पाह्यलं की. कारखान्याच्या गाडीतून. कळस दिसला, हात जोडले. गाडी थोडीच थांबती?"

मग तिनंच विचारलं, चंद्रभागेला आता पाणी असतं का. म्हटलं, उजनीतून सोडलं तर असतं.

"म्हंजी तुमच्या देवालाबी टँकरच!" आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही आवरेना. चहा काळा होता, गुळाचा. पैसे देऊ केले तर रागावली. शेवटी माझ्याकडचा बुक्का तेवढा कपाळाला लावून घेतला.

गारमाथ्यावर पोचले तेव्हा रथ चढून गेला होता. तो क्षण हुकला याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. वर वारा भन्नाट. या पठाराची गंमत अशी की पडलेलं पाणी इथं ठरत नाही. काळा कातळ, वर वीतभर माती. सिंदफणा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगवते आणि उत्तरेला गोदावरीकडं पळते. मांजरा त्याच तालुक्यातली. ती पूर्वेकडं निघून महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण मिळून सव्वासातशे किलोमीटर हिंडते आणि शेवटी गोदावरीलाच मिळते. सौताड्याला कड्यावरून पडणारी विंचरणा मात्र सीनेकडं जाते, सीना भीमेला. म्हणजे नाथांच्या गोदेचं आणि विठोबाच्या भीमेचं पाणी याच डोंगरात वेगळं होतं. आणि मधल्या माणसाला हंडाभर मिळायची मारामार.

पुढं पाटोदा, दिघोळ. खर्ड्याला किल्ला लांबूनच पाहिला. 11 मार्च 1795ला मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथंच. तरी पाटोद्याकडचा मुलूख 1948पर्यंत निजामाचाच राहिला, आणि जुनी माणसं अजून मोगलाई म्हणतात. आपण मोगलाईतून नगर जिल्ह्यात उतरतो आणि परांड्याला पुन्हा मोगलाईत शिरतो. पायांना फरक कळत नाही, रस्त्याच्या खड्ड्यांनाही नाही.

सोलापूर जिल्ह्यात, कुर्डूनंतर ऊस दिसायला लागला. दोन्ही बाजूंनी हिरवागार, उंच. काका खूश. "बघा, याला म्हणतात कष्ट. नाहीतर ते तुमचे बीडवाले."

"हा ऊस तोडतं कोण, काका?" माझा आवाज चढला होता. मागच्या बायका गप्प झाल्या. काकांनी काहीतरी उत्तर दिलं, आकड्यांसकट. मीही दिलं. विणेकरी बुवांनी मागं वळून न बघताच हात वर केला आणि हरिपाठ सुरू केला. रांगेत माझी जागा नेमकी काकांच्या शेजारी. त्यांचा टाळ नेहमीसारखा अर्धा ठेका मागं. दोन अभंग मी दात आवळून म्हटले. तिसऱ्याला त्यांनी माझ्या टाळाकडं बघत ठेका धरला, मग पुन्हा सोडला.