श्रावणात अळमी माशांची जागा भरून काढतात का?

श्रावण लागला की हा प्रश्न हमखास येतो. महिनाभर मासे बंद, मग अळमी, म्हणजे मशरूम, खाल्ली तर ती कसर भरून निघेल ना? त्याला जोडून दुसरा: अळमी औषधी असतात म्हणतात, ते खरं का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रोटीनपुरतं बोलायचं तर कसर भरून निघत नाही. 100 ग्रॅम बांगड्यात 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. तेवढ्याच ताज्या धिंगरीत (ऑयस्टर मशरूम) किंवा बटण मशरूममध्ये जेमतेम 3. ताज्या अळम्यांत दहातले नऊ भाग पाणीच. पाकिटांवर 25-30 टक्के प्रोटीनचा जो दावा दिसतो तो सुकवलेल्या मालाचा, आणि 100 ग्रॅम सुकी अळमी म्हणजे किलोभर ताजी. तेवढी एका जेवणात कोण खाणार? म्हणून टोनाक (वाटणाचा रस्सा) करताना माणशी 40 ग्रॅम सुके आळसांदे (चवळी) भिजवून त्यात घाला, 9 ग्रॅम प्रोटीन तिथेच मिळेल. माशातलं बी-12 आणि ओमेगा-3 मात्र अळम्यांतून मिळायचं नाही. बी-12 साठी श्रावणात दूध-दही चुकवू नका.

पण अळमी देतात तेही थोडं नाही. 100 ग्रॅम धिंगरीत 33 कॅलरी, 400 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आणि 5 मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन, शिवाय रायबोफ्लेविन (दोन्ही ब जीवनसत्त्वं) आणि तांबं. ग्लुटामेटमुळे चव मुळातच भरीव असते, त्यामुळे मीठ कमी पडलं तरी जेवताना जाणवत नाही. ब्लडप्रेशरवाल्यांच्या घरी हे फार उपयोगी आहे.

खरी कमाल ड जीवनसत्त्वाची. अळम्यांत एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य असतं आणि उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचं डी-2, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार, होतं. बंद शेडमध्ये वाढलेल्या अळम्यांत ते जवळजवळ नसतंच. घरी मात्र सहज करून घेता येतं. अळमी चिरा, धिंगरी असेल तर छत्रीखालच्या पात्यांची बाजू वर करून सुपात एकेरी पसरा आणि अकरा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास थेट उन्हात ठेवा. चांगल्या उन्हात 100 ग्रॅमला 10 मायक्रोग्रॅमच्या वर डी-2 तयार होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज 15 मायक्रोग्रॅमची. खिडकीच्या काचेआड ठेवून उपयोग नाही, काच नेमके हवे ते किरण अडवते. श्रावणात ऊन-पाऊस चालूच, तेव्हा उघडीप मिळाली की ताबडतोब बाहेर काढा. ढगाळ दिवशी तासभर ठेवा आणि फायदा कमीच धरा. कडा जराशा मऊ पडल्या तर चालतं. हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं, म्हणजे नारळाचं वाटण इथे कामाला येतं, आणि रस्सा पानात टाकून उठू नका.

शिजवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुटलेलं पाणी ओतून देणं. ब जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतात. ते आटवा, नाहीतर वाटणात वापरा. कढई रुंद, आच मोठी आणि अळमी थोडी थोडी. एकदम भरली की परतत नाहीत, नुसती वाफवतात. कच्ची खाऊ नका. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची, ती कच्ची पचत नाही, आणि बटणातलं, अपायकारक असल्याचा संशय असलेलं अ‍ॅगारिटिन शिजवल्यावर बरंच कमी होतं. ठेवायची तर कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये घाम सुटतो, दोन दिवसांत बुळबुळीत होतात. अमोनियासारखा वास आला की फेकून द्या.

आता औषधाचं. अळम्यांतलं बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य आहे, त्यावर खूप संशोधन झालंय. जपानमध्ये शिटाके या अळम्यापासून काढलेलं लेंटिनन पोटाच्या कॅन्सरवर केमोथेरपीच्या जोडीला देत असत, पण ते शुद्ध केलेलं इंजेक्शन होतं, इस्पितळात दिलं जायचं. त्यावरून अळम्यांची भाजी कॅन्सर बरा करते असं म्हणता येत नाही, आणि महागड्या डब्यातली पावडर तर नाहीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रिशी या औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अळम्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. किडनीच्या रुग्णांनी पोटॅशियमचा हिशेब ठेवावा. बटण खाऊन ज्यांचं पोट फुगतं त्यांना बहुतेक वेळा त्यातलं मॅनिटॉल, एक प्रकारची साखर, बाधतं. धिंगरीत ते खूप कमी, ती खाऊन बघा.

रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या, अळम्यांची चव कशालाच नाही, हे मीही मान्य करते. पण ती ओळखीच्या, जाणत्या माणसाकडूनच घ्या. रोयणीवरच्या अळम्याचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत जातो. अमानिटा जातीच्या विषारी अळम्याच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते. जमिनीलगत खुडलं की ही खूण मातीतच राहते. पावसात हिरवळीवर उगवणारी, तपकिरी खवल्यांची मोठी पांढरी छत्री दिसायला खाण्याजोगी असते, पण पिकल्यावर तिच्या पात्या हिरवट होतात आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. चांदीचं नाणं, हळद, लसूण घालून काळं पडतं का बघणं, यातली एकही परीक्षा खरी नाही. अमानिटाचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्याच वेळात यकृत निकामी होत असतं. म्हणून रानातली अळमी खाल्ल्यावर उशिरा उलट्या लागल्या तर बरं वाटलं तरी घरी थांबू नका. 108 ला फोन करा, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा, आणि उरलेली अळमी, अगदी कचऱ्यात टाकलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.