साखरपुड्याची तबकं आणि माझा आओ याय

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या साखरपुड्यात मला 'तबकवाली' व्हायचं होतं. व्हिएतनामी रीत अशी, की नवऱ्याकडची मुलं लाल कापडाने झाकलेली तबकं घेऊन येतात आणि नवरीकडच्या मुली ती दारात उतरवून घेतात. दोन्हीकडची मंडळी बिनलग्नाची हवीत. माझी निवड एवढ्याच पात्रतेवर झाली.

सगळ्या मुलींना एकाच रंगाचा आओ याय हवा होता, म्हणजे बाजूने कट असलेला लांब अंगरखा आणि खाली पँट असा व्हिएतनामी पोशाख. (हनोईकडे आओ झाय म्हणतात, मी राहते सैगॉनमध्ये, त्यामुळे याय.) बहुतेक जणी भाड्याने आणतात. भाड्याच्या दुकानात मला खांद्याला बसेल तो कमरेला ढगळ आणि कमरेला बसेल तो दंडात अडकलेला. शेवटी शिवायचं ठरलं.

कापड घेतलं चोलोन भागातल्या सोआय किन लाम बाजारात. अरुंद गल्ल्या, छतापर्यंत तागे. ठरलेला रंग फिकट गुलाबी. लाल मात्र कोणी सुचवलासुद्धा नाही, तो नवरीचा. पांढरा म्हणजे शाळा-कॉलेजच्या मुलींचा गणवेश, आणि नवरीची आई गडद, भरजरी कापडात. कोण कुठे उभं आहे हे लांबून कपड्यावरूनच कळतं. पर्यटकांना या पोशाखाचे जे प्रतीकात्मक अर्थ सांगतात, ते मला याच्यापुढे दुय्यम वाटतात.

शिंपीणबाईंना मी 'चि' म्हणायचे, म्हणजे ताई. पहिलाच प्रश्न : "त्या दिवशी घालणार ती चप्पल आणलीस का?" पँट जमिनीला टेकेल इतकी लांब असते, म्हणून माप उंच टाचांवरच घ्यायचं. आतले कपडेही त्या दिवशीचेच हवेत. मग टेप फिरू लागली : गळा, छाती, छातीच्या वर, छातीच्या खाली, मुंढा, दंड, मनगट, कंबर. ब्लाउजच्या मापाची सवय असूनही मला हे अति वाटलं. बाही खांद्याला जोडलेली नसते. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी टीप जाते आणि त्याच रेषेवर टिचबटणं येतात. म्हणजे थोडी चूकही लपायला जागा नाही.

ही तिरकी बाही काही पुरातन नाही. 1744 मध्ये न्गुयेन फुक खोआत या सरदाराने आपल्या दक्षिणेकडच्या मुलखात बायका-पुरुषांना विजारीवर बटणांचा अंगरखा घालायला लावला, तिथपासून ही कूळकथा सांगतात. त्यातून पाच पट्ट्यांचा सैलसर अंगरखा आला. चार पट्टे म्हणजे दोन्हीकडचे आईवडील, आतला पाचवा आपण स्वतः, असा त्याचा अर्थ लावतात. 1930 च्या दशकात हनोईचा चित्रकार न्गुयेन कात तुओंग याने तो अंगाबरोबर केला, आणि 1960 च्या सुमारास सैगॉनच्या शिंप्यांनी ही बाही आणली. ताईंना मी विचारलं, मग पारंपरिक नेमका कुठला? त्या तोंडात टाचण्या धरून हसल्या आणि म्हणाल्या, "हात वर कर."

आमचं वाजलं ते कटावरून. बाजूचा कट पँटच्या नेफ्याच्या थोडा वर सुरू होतो, त्यामुळे कमरेशी त्वचेचा छोटा त्रिकोण दिसतो. मी म्हटलं, खाली घ्या. त्या ऐकेनात. खाली घेतला तर कापड नितंबांवर ओढलं जातं आणि पुढचा-मागचा पदर सुटा पडत नाही, हे त्यांनी कच्च्या शिलाईवर करून दाखवलं. पटलं. आत मात्र मी आपल्याकडच्यासारखी भरपूर माया ठेवायला लावली.

ट्रायलला त्यांनी बसायला शिकवलं : मागचा पदर हाताने बाजूला घेऊन मांडीवर, मगच खुर्ची. स्कूटरवर मागे बसलीस तर दोन्ही पदर गोळा करून मांडीखाली दाब, नाहीतर चाकात जातील.

साखरपुड्याच्या दिवशी उभ्या कॉलरमुळे मान आपोआप ताठ. दक्षिणेत तबकांची संख्या सम असते, उत्तरेत विषम. माझ्या वाट्याला नेमकं विड्याची पानं आणि सुपारीचं आलं. सुपारी मात्र हिरवी, घोसासकट. आपल्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं, हे मी शेजारणीला सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. तबक चांगलंच जड होतं आणि गुलाबी बाही दंडात जराही तटतटली नाही. शेवटी समोरच्या मुलाशी पैसे घातलेल्या लाल पाकिटाची अदलाबदल झाली. ती झाली नाही तर आपलं लग्न लांबतं म्हणे.

पुढच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलंय. रंग पोपटी, म्हणजे पुन्हा शिवणं आलं.