औषधांनी की नाटकाने?

नैराश्यातून सावरत असताना मी एका हौशी नाट्यसंस्थेत काम करू लागले, हे कळल्यावर बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: तुम्ही बऱ्या कशाने झालात, औषधांनी की नाटकाने? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

गोळ्यांमुळे माझी झोप परतली, मन थाऱ्यावर आले आणि एखादे पान सलग वाचता येऊ लागले. तेवढे झाले नसते, तर संहिता हातात घेऊनही काही उपयोग नव्हता. परंतु झोप परतल्यानंतर समोर उभे राहणारे रिकामे दिवस कशाने भरायचे, याचे उत्तर औषधांच्या चिठ्ठीत नसते. घरी मी रुग्ण होते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यापुरतेच माझ्याशी बोलणे उरले होते. तालमीच्या खोलीत मात्र माझ्या वाक्यावर दुसऱ्या कोणाची तरी एन्ट्री अवलंबून होती, आणि मी पोहोचले नाही तर अख्खा प्रवेश अडत असे. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही नैराश्यातली सर्वांत चिवट समजूत असते आणि कितीही समजावले तरी ती जात नाही. माझी ती समजूत तालमींनी हळूहळू सैल केली. मानसिक आजारातून सावरण्याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन ब्रिटनमधील अभ्यासकांनी २०११ मध्ये ज्या पाच गोष्टी पुढे मांडल्या, त्यांत माणसांशी जोडलेपण, आशा, जगण्यातला अर्थ आणि आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती असणे यांच्याबरोबर स्वतःची ओळखही आहे, याचे म्हणूनच मला नवल वाटले नाही.

मनातले दुःख रंगमंचावर मोकळे केल्याने ते हलके होते, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव तसा नाही. मला दिलासा दिला तो दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या वाक्यांनी, कारण ती बोलत असेपर्यंत स्वतःविषयी विचार करण्यातून माझी सुटका होत असे. स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग उभे करून उपचार करण्याची, याकोब मोरेनो यांनी विकसित केलेली सायकोड्रामा ही पद्धत वेगळी आहे, आणि तिच्यासाठी प्रशिक्षित उपचारक हवाच. हौशी दिग्दर्शकाने तसले प्रयोग तालमीत करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

कलांच्या अशा उपयोगाविषयी संशोधन काय सांगते, असेही विचारले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे असलेल्या मातांचे तीन गट केले होते: एका गटाला सामूहिक गायन, दुसऱ्याला एकत्र सर्जनशील खेळ आणि तिसऱ्याला केवळ नेहमीची देखभाल. दहा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा दिसली. मात्र मध्यम ते तीव्र लक्षणे असलेल्या मातांपैकी गाणाऱ्या माता नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत लवकर सावरल्या, आणि तान्हे बाळ सांभाळणाऱ्या आईसाठी काही आठवडे लवकर सावरणे ही लहान गोष्ट नव्हे. नृत्याबाबतचा पुरावा याहून तोकडा आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, नैराश्यावरील नृत्योपचारासंबंधीच्या २०१५ च्या आढाव्यात अवघ्या तीन चाचण्या आणि त्यांत मिळून १४७ माणसे होती, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

प्रयोगाच्या रात्रीपेक्षा तालमींचे महिने मला अधिक मोलाचे वाटतात. प्रयोग संपल्यावर, मेकअप उतरला की मोठे रितेपण येते आणि आजारातून उठलेल्या माणसाला ते जड जाते. म्हणून प्रयोगाची तारीख आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना आधीच सांगावी आणि पुढच्या नाटकाच्या वाचनाचा दिवस अगोदरच ठरवून ठेवावा. ज्यांना उन्मादाचे (मेनियाचे, म्हणजे आजारपणातल्या अति उत्साहाचे) झटके येतात, त्यांनी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या तालमी टाळाव्यात, कारण जागरणामुळे झटका पुन्हा येऊ शकतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर पहिल्याच नाटकात भूमिका मागण्याची गरज नाही. प्रॉम्प्टिंग करावे, म्हणजे विसरलेली वाक्ये विंगेतून सुचवावीत, किंवा वेशभूषा सांभाळावी. तिथेही तुमची वाट पाहिली जाते. संस्थेत जाण्यापूर्वी मात्र एक गोष्ट विचारून घ्या: एखाद्या दिवशी तब्येतीमुळे येता आले नाही, तर त्या दिवसापुरते तुमचे काम कोण सांभाळेल? याचे उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल, त्या संस्थेत निःशंक जा. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.