खालची पट्टी

बाबा निवृत्तीनंतर मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करतात. एका खिडकीत कागदाचा फोटो, दुसरीत मजकूर, आणि खालच्या पट्टीवर क्लिक करून इकडून तिकडे. ही सवय त्यांना लागली ती ग्नोम २ वर. ग्नोम म्हणजे लिनक्स चालणाऱ्या संगणकावरचा डेस्कटॉप, पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या, बटणं हे सगळं. २०११ च्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मी त्यांना न विचारताच नवीन आवृत्ती टाकली. ग्नोम ३ त्याच एप्रिलमध्ये आलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

सकाळी हाक आली, "अगं, खालची पट्टी कुठे गेली?"

पट्टी नव्हती. खिडकी खाली लपवायचं बटणही नव्हतं. उघडलेल्या खिडक्या बघायला वरच्या डाव्या कोपऱ्यात जायचं. बाबांनी चार दिवस प्रयत्न केला, मग कागद बाजूला ठेवले. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी मदत मागितली तेव्हा एका स्वयंसेवकानं लिहिलं, फुकट आहे, आवडत नसेल तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, घ्या आणि स्वतःचं बनवा. हे वाक्य मला आजही चुकीचं वाटतं. कोड घेऊन बदलण्याचा, परवान्यानं दिलेला हक्क खरा आहे, पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तो असा तोंडावर फेकून काय उपयोग? जुना कोड सांभाळणं जड झालं होतं, सांभाळणारे हात थोडे होते, हेही मी जाणते. तेवढंच नीट सांगितलं असतं तरी चाललं असतं.

तक्रार करणारे आम्ही एकटे नव्हतो. लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स त्या वर्षी वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले (पुढे ते ग्नोमवर परतले). पण बाबांची पट्टी परत आणली ती अर्जेंटिनातल्या, आर्च लिनक्स हा लिनक्सचा एक प्रकार वापरणाऱ्या एका माणसानं. त्यानं ग्नोम २ चा कोड घेऊन माटे सुरू केलं. तिकडे जो माटे नावाचा काढा पितात, त्यावरून हे नाव. दोन्ही ग्नोम एकाच मशीनवर नांदायची तर नावं एकमेकांत अडकत होती, म्हणून एकेक प्रोग्रॅमचं नाव बदलावं लागलं. फाइली बघायच्या नॉटिलसचं काहा झालं, म्हणजे स्पॅनिशमध्ये पेटी. मजकूर लिहायच्या जीएडिटचं प्लूमा झालं, म्हणजे पीस, लेखणी. हजारो ओळींतून नावं बदलत बसायचं हे कंटाळवाणं काम कुणीतरी केलं, म्हणून 'पर्याय आहे' या शब्दांना अर्थ आला. पुढे आणखी माणसं जोडली गेली. लिनक्स मिंट या लिनक्सच्या आणखी एका प्रकारानं माटे उचललं, २०१५ मध्ये उबुंटू माटे ही उबुंटू या लोकप्रिय लिनक्सची अधिकृत शाखा झाली, आणि २०१७ मध्ये १.१८ आवृत्तीत सगळं जीटीके ३ वर, म्हणजे खिडक्या-बटणं काढणाऱ्या नव्या कोडवर आलं. दिसायला तेच, आतून नवं.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी दोन पेनड्राइव्ह घेऊन वाईला गेले. एकात ग्नोम ३, एकात माटे. मशीनवर काहीच टाकलं नाही, दोन्ही नुसतेच चालवून बाबांसमोर ठेवले. ग्नोम ३ ला त्यांनी पुन्हा एक पूर्ण दिवस दिला. दुसऱ्या दिवशी माटे लावलं, खाली पट्टी दिसली, आणि ते आत जाऊन कागदांचं बासन घेऊन आले.