चेक कुठे भरू?

९ नोव्हेंबर २०१६. मी तेव्हा मुंबईत एका ब्रोकरच्या रिस्क डेस्कवर होते. क्लायंटचं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी तारण ठेवायचे पैसे, कमी पडलं की फोन करायचा आणि पैसे आले नाहीत तर सौदा कापायचा, म्हणजे आपणच बंद करून टाकायचा, हे माझं काम.

अमेरिकेच्या निवडणुकीची तयारी आम्ही आठवडाभर केली होती. बाजार हिलरी क्लिंटन येणार असं धरून बसला होता, तरी ट्रम्प आले तर किती खड्डा पडेल याचा हिशेब आमच्याकडे होता. नोटाबंदी कुणाच्याच हिशेबात नव्हती. आदल्या रात्री आठच्या सुमारास पाचशे-हजारच्या नोटा रद्द केल्याचं जाहीर झालं.

सव्वानऊला बाजार उघडला. त्याच सुमारास फ्लोरिडा हे कळीचं राज्य ट्रम्प यांच्याकडे गेल्याची बातमी आली. सेन्सेक्स बघता बघता १,६०० अंकांच्या वर कोसळला.

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक आमचे क्लायंट होते. महिन्याला चार पैसे सुटावेत म्हणून त्यांनी निफ्टीचे ८,२०० चे पुट विकले होते, म्हणजे निफ्टी ८,२०० च्या खाली गेला तर फरक आपण भरू अशी हमी पैसे घेऊन दिली होती. निफ्टी ८,००० ला टेकायला आला होता. मी फोन लावला.

"पैसे आहेत हो ताई. आत्ता चेक भरायला निघतो," काका म्हणाले आणि मध्येच थांबले. "पण आज बँका बंद ना? मग चेक कुठे भरू?"

नेटबँकिंग त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

मी साहेबांकडे अर्धा तास मागितला. मिळाला नाही. नियमाने त्यांचं बरोबरच होतं, बाजार आणखी घसरला असता तर तो तोटा ब्रोकरच्या अंगावर आला असता. मी सौदा कापला. भीतीने पुटचे भाव फुगलेले होते, त्या फुगलेल्या भावाला विकलेले पुट परत विकत घेऊन.

दुपारी दीडच्या आतबाहेर ट्रम्प यांचं विजयाचं भाषण झालं, अपेक्षेपेक्षा पुष्कळ सौम्य. तोवर बाजार सावरू लागलाच होता. निफ्टी ८,४३२ वर बंद झाला, सेन्सेक्सची घट ३३९ अंकांवर आली. काकांना बाजार बंद होता होता खूप कमी तोट्यात बाहेर पडता आलं असतं. पुढे महिनाअखेरीच्या एक्स्पायरीला, म्हणजे पुटची मुदत संपली तेव्हा, निफ्टी आठ हजारांखालीच होता, म्हणजे सौदा धरून ठेवला असता तरी तोटाच होता. हे कळतं, तरी तो फोन मला अजून टोचतो.

२०२० च्या अमेरिकी निवडणुकीआधी मी वयस्कर क्लायंटना एकेक करून फोन केले. मार्जिनचं नंतर बोलले. आधी विचारलं, "बँक बंद असली तर पैसे कसे पाठवाल?"