मुक्तेश्वरचे नेचे आणि जिभेला न कळणारं विष

उत्तराखंडातल्या काठगोदामला गाडीतून उतरलं की भीमतालवरून जीप वर चढू लागते आणि भवालीच्या बाजारात हमखास थांबते. जूनमध्ये तिथे आडू, खुमानी, प्लम यांचे ढीग लागलेले असतात. माझी नजर मात्र एका म्हाताऱ्या बाईपुढच्या हिरव्या जुड्यांवर गेली. देठ बोटभर जाड, शेंडा घट्ट गुंडाळलेला आणि त्यावर तपकिरी भुसा. हा लिंगुडा, म्हणजे नेच्याचे (फर्नचे) कोवळे कोंब. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी यायची वाट बघतात, तशी कुमाऊंत याची बघतात.

मुक्तेश्वरला आमच्या घरमालकीणबाईंनी (सगळे त्यांना आमा म्हणतात, मीही म्हणू लागलो) त्याच रात्री भाजी केली. फडक्याने चोळून भुसा काढला, कोंब उकळले, पाणी ओतून दिलं, मग मोहरीच्या तेलात लसणाची फोडणी. चव भेंडी आणि फरसबीच्या मधली कुठली तरी. सोबत मडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी. मी दोनदा वाढून घेतली, हे सांगायला हवंच.

दुसऱ्या दिवशी चौली की जाली या कड्याकडे जाताना पायवाटेच्या दोन्ही अंगांना कमरेइतके नेचे होते. मी एक कोंब खुडायला वाकलो, तर आमांचा नातू ओरडला, "वो नहीं दाज्यू, वो लिंगुडा नहीं है!" तो होता ब्रॅकन, नेच्याचाच दुसरा प्रकार. लिंगुडा ओढ्याकाठच्या ओल्या सावलीत झुपक्याने उगवतो आणि त्याच्या कोंबाला एकच गुंडाळी असते. ब्रॅकन उघड्या उतारावर, जमिनीतल्या खोडावरून एकेक सुटा वर येतो. त्याचा कोंब लवदार आणि टोकाला तीन वळ्यांत फुटलेला. एकदा बघितलं की फरक कळतो, पण बघायला कुणी तरी शिकवावं लागतं.

ब्रॅकनमध्ये टाक्विलोसाइड नावाचं संयुग असतं. ते कर्करोगकारक आहे आणि सगळ्यात जास्त असतं ते नेमकं कोवळ्या कोंबांत. 1965 साली उंदरांना ब्रॅकन खाऊ घालून त्याचा कर्करोगाशी संबंध दाखवला गेला. त्यामागचं संयुग 1983च्या सुमारास जपानी आणि डच संशोधकांनी वेगवेगळं शोधून काढलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ब्रॅकनला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या' 2 ब गटात टाकलं आहे.

मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो. म्हणून तर आपण त्यात काकडं ही आंबट रानफळं घालतो. अळूचंही तेच. चूक झाली तर जीभ तिथल्या तिथे सांगते. ब्रॅकन काहीच सांगत नाही. जपानात तो 'वाराबी' म्हणून आवडीने खातात, पण आधी राखेच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात मुरवून. अशा क्षारधर्मी पाण्यात, म्हणजे अल्कलीत, टाक्विलोसाइड फुटतं. पूर्ण जातं असं नाही, पण बरंच कमी होतं.

गंमत म्हणजे प्रयोगशाळाही जवळपास हेच करते. टाक्विलोसाइड नाजूक, साठवणीतही मोडणारं. म्हणून नमुन्यावर आधी अल्कली आणि मग आम्ल घालून ते मुद्दामच मोडतात. त्यातून टेरोसिन बी हे टिकाऊ संयुग तयार होतं. ते अतिनील प्रकाश चांगला शोषतं, त्यामुळे क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातली संयुगं वेगळी करण्याच्या पद्धतीत) सहज मोजता येतं. त्यावरून मूळ विष किती होतं याचा हिशोब लावायचा. आता मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखणाऱ्या यंत्राने, मूळ संयुगही थेट पकडतात, तेही पाण्यातल्या अगदी सूक्ष्म प्रमाणात. पावसात ते पानांवरून धुऊन जमिनीत उतरतं. डेन्मार्कमध्ये तर विहिरींच्या पाण्यातही सापडलंय.

मुक्तेश्वरला हे सगळं आठवायला आणखी एक कारण आहे. इथली जुनी दगडी पशुवैद्यकीय संस्था मुळात आपल्या पुण्यात 1889 साली सुरू झाली आणि 1893 मध्ये या थंड डोंगरावर हलवली गेली. कुमाऊंतल्या गाईंच्या रक्तलघवीचा आणि नेच्यांचा संबंध याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासला. वर्षानुवर्षं नेचे खाणाऱ्या जनावरांच्या मूत्राशयात गाठी होतात, लघवी लाल होते, आणि पुढे फारसा इलाज राहत नाही.

आमांची एक गाय अशीच गेलेली. मी त्यांना विचारलं, डॉक्टर काही बोलले होते का? "बोले थे, फर्न मत खिलाओ." मग? आमांनी समोरच्या उताराकडे हात केला. चैत्र-वैशाखात तिथलं गवत वाळलेलं असतं आणि हिरवं म्हणावं तर तेवढे नेचेच. खालून हल्द्वानीहून भुसा आणायचा तर भाडंच परवडत नाही. गोठ्यातही तेच नेचे अंथरलेले होते, कारण ते कोरडे राहतात आणि फुकट मिळतात.

हे विष दुधात उतरतं, हे गाईंवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालंय. आमांना ते सांगावं का, यावर मी आणि बायको परतीच्या जीपमध्ये काठगोदाम येईपर्यंत वाद घालत होतो. तिचं म्हणणं, सांगायला हवं होतं. माझं म्हणणं, चाऱ्याची सोय करून देता येत नसेल तर नुसतं सांगून काय करायचं?