डोक्यात गाठ, पायात गुठळी

बुधवार रात्र, मिरज

आज मामांच्या पायाची डॉपलर, म्हणजे शिरांतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी झाली. डावी पोटरी कालपासून टरटरून सुजली होती. शिरेत गुठळी निघाली. मामीने मला जिन्यापाशी गाठलं आणि विचारलं, "अगं, दुखणं डोक्यात, आणि हे पाय कशाला बघत्यात?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मामांना मेंदूतला लिम्फोमा आहे, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यात शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका बराच असतो, हे घरच्यांना कुणीतरी बसून सांगायला हवं. कॅन्सरमुळे रक्त गोठण्याकडे झुकतं, त्यात पडून राहणं, स्टेरॉइड, केमोसाठी घातलेली नळी. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. मामीला एवढंच सांगितलं, की पाय दुखला, दम लागला तर रात्री-अपरात्रीही सिस्टरना उठव.

आता हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध सुरू होईल. बायोप्सीला, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढला त्याला, बरेच दिवस झालेत, नव्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, म्हणून डॉक्टर तयार झाले. हेपरिन स्वतः गुठळी रोखत नाही. ते रक्तातल्या अँटीथ्रॉम्बिनला धरतं आणि त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढवतं. अँटीथ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठण्याला शरीराचाच ब्रेक. यकृतात तयार होतं, रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला आणि दहाव्या घटकाला निकामी करतं.

लॅबमध्ये माझा दिवस याच प्रथिनांत जातो. निळ्या टोपणाची नळी, एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, नऊ भाग रक्त. रेघेपर्यंत भरली नसेल तर मी नमुना परत पाठवते, कुणी कितीही रागावलं तरी. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ खोटी लांबते.

पण हेच अँटीथ्रॉम्बिन पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात शोधलं गेलं, हे मामांच्या आजारपणात वाचलं आणि मन तिथेच अडकलं. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी मेंदूत लिम्फोमा असलेल्यांचं पाणी तपासलं, तर त्यात हे प्रथिन वाढलेलं दिसलं. मिलिलिटरला १.२ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, तर सुमारे ७५ टक्के रुग्ण ओळखू येत होते, आणि आजार नसताना चुकीचा इशारा क्वचितच मिळत होता. गाठीत उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्यांतही ते सापडलं. पुढे इंटरल्युकिन-१० आणि सीएक्ससीएल-१३ या आणखी दोन प्रथिनांच्या खुणा एकत्र तपासण्याकडे संशोधन वळलं.

निदानाला बहुतेक वेळा बायोप्सी लागते. मामांची गाठ खोलवर होती. स्टेरॉइडने हा लिम्फोमा काही काळ विरघळल्यासारखा होतो, मग सुईत काहीच सापडत नाही. म्हणून बायोप्सी होईपर्यंत डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं नाही. तेव्हा मामा डोकं धरून भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मामी माझ्याकडे बघायची. आमच्या लॅबच्या यादीत पाण्यातल्या अँटीथ्रॉम्बिनची तपासणी नाही. असती, तर त्या थांबण्यात डॉक्टरांच्या हाती आणखी एक धागा असता. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली इथे दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबची माणसं भरवशाने मिरजेला येतात. त्यांच्यासाठी अशा तपासण्या इथे याव्यात असं मला फार वाटतं.

उद्या सकाळी मामांच्या प्लेटलेट्स बघायच्या. केमो आणि हेपरिन, दोन्हींनी त्या घसरू शकतात. नमुना मीच लावणार आहे.